संरक्षित क्षेत्रे आणि त्यांच्या काठची माणसे : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ठाणे खाडी यांच्यावरचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच दिशेने आहे : जंगल, खाडी किंवा पठार संरक्षित म्हणून जाहीर झाले की तिथल्या आणि शेजारच्या माणसांमुळे त्याचे रक्षण होते की नुकसान? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

मी बोरिवली पूर्वेला राहते आणि सकाळी उद्यानात फिरायला जाते. उद्यानाच्या आत अजूनही आदिवासी पाडे आहेत. तिथे चुली पेटतात, कुत्री-कोंबड्या फिरतात. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर आत वस्ती असू नये असे मला वाटते. सगळे पाडे बाहेर हलवले तर जंगल अधिक सुरक्षित होणार नाही का? — एक वाचक, बोरिवली

आपल्या प्रश्नामागे जंगलाविषयीची कळकळ आहे आणि कायदाही वरवर पाहता आपल्याच बाजूने बोलतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानाची अंतिम घोषणा होण्यापूर्वी तिथल्या लोकांचे हक्क निकाली काढावे लागतात. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात, राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरे चारण्यासही मनाई असते. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यात एक महत्त्वाची अट घातली आहे. वनात राहणाऱ्या अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांच्या दाव्यांची पडताळणी आणि हक्कांची मान्यता पूर्ण होईपर्यंत त्यांना जमिनीवरून हटवता येत नाही, आणि हा कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. मुंबईत या कायद्याची अंमलबजावणी रखडली, त्याचे एक कारण असे की कायद्याची सारी रचना ग्रामसभेवर उभी आहे आणि महानगरपालिकेच्या हद्दीत ग्रामसभा कोणती मानायची यावरच वर्षे गेली.

दुसरी गोष्ट अशी की सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाच्या हद्दीत राहिलेली माणसे एकाच प्रकारची नाहीत. १९९५ मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९७ मध्ये न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. त्या कारवाईत प्रामुख्याने शहरातील घरांच्या टंचाईमुळे उद्यानाच्या कडेने वसलेल्या झोपडपट्ट्या उठल्या. १९९५ पूर्वीचे रहिवासी ठरून ७ हजार रुपये भरलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन चांदिवलीत करण्याची योजना आखली गेली. ते पूर्ण होण्यास फार काळ लागला आणि त्या काळात लोकांनी जे भोगले त्याची नोंद आपल्या शहराने पुरेशी घेतलेली नाही. वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी ही मंडळी मात्र उद्यान जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरांत आहेत. या दोन्हींना ‘अतिक्रमण’ या एकाच रकान्यात टाकले गेले, आणि त्यामुळे जंगलाला सर्वांत जवळून ओळखणारी माणसेच वन विभागाच्या विरोधात उभी राहिली.

पाड्यांमुळे जंगलाला काहीच त्रास होत नाही असे मी म्हणणार नाही. सरपणासाठी तोड होते, उन्हाळ्यात वाळल्या गवताला लागलेल्या काही वणव्यांमागे माणसाचा हात असतो, रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकण्याचे प्रकारही घडतात. पण फासकी लावणारे सगळे पाड्यावरचेच असतात असे मानण्यास काहीही आधार नाही. उलट बाजूही पाहिली पाहिजे. उद्यानातील रोजंदारी वनमजुरांत पाड्यांवरची माणसे आहेत. वणवा विझवायला झाडाची ओली फांदी घेऊन पहिल्यांदा तीच धावतात, कारण आग त्यांच्याच घरांकडे येत असते.

आणि वाघोबा आहे. झाडाखाली शेंदूर लावलेला दगड किंवा वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेली लाकडी फळी, असे त्याचे ठाणे असते. वाघबारशीला त्याची पूजा होते, कोंबडे किंवा नारळ दिला जातो. वारल्यांच्या दृष्टीने वाघोबा म्हणजे वाघही आणि बिबट्याही. त्याचा मान राखला तर तो आपली राखण करतो आणि विसरलो तर त्याचा कोप होतो, अशी समजूत आहे. संरक्षणाच्या दृष्टीने या श्रद्धेचे मोल मोठे आहे, कारण हिंस्र प्राण्याच्या शेजारी राहताना होणारे नुकसान सोसण्याची तयारी तिच्यातून येते. अर्थात त्या तयारीवर आपण किती भार टाकायचा याला मर्यादा आहे. पाड्यावर घराजवळ शौचालय नसेल, वाटेवर दिवा नसेल, तर अंधार पडताना झुडपांकडे गेलेल्या लहान मुलाला जो धोका असतो तो बिबट्याइतकाच आपण न दिलेल्या सोयींमुळे निर्माण झालेला असतो. वस्ती हलवण्याची चर्चा चालू आहे म्हणून वीज-पाणी द्यायचे नाही, आणि हलवायचेही नाही, या अवस्थेत अनेक कुटुंबे पिढ्या काढत आहेत.

तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ज्यांना स्वेच्छेने बाहेर यायचे आहे त्यांना रोजगारासह योग्य पुनर्वसन मिळावे. ज्यांना राहायचे आहे त्यांचे दावे निकाली काढून, सरपणाऐवजी गॅस आणि घरात शौचालय देऊन, उद्यानाच्या व्यवस्थापनात त्यांना अधिकृत स्थान द्यावे.

आमची सोसायटी मुलुंडला उद्यानाच्या भिंतीला लागून आहे. सीसीटीव्हीत रात्री बिबट्या दिसला. सभासद घाबरले आहेत. वन विभागाने पिंजरा लावून त्याला दूरच्या जंगलात का सोडू नये? — सोसायटीचे सचिव, मुलुंड

कारण तो प्रयोग महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे आणि त्याचे परिणाम वाईट झाले. जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम २००१ नंतर वाढली. त्यापूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. मोहिमेनंतर, जिथे बिबटे सोडले त्या भागांच्या आसपास, ही सरासरी १७ वर गेल्याचे अभ्यासात दिसून आले. बिबट्या आपल्या इलाख्याला धरून राहणारा प्राणी आहे. त्याला अनोळखी ठिकाणी सोडले तर तो घराकडे परतू पाहतो, वाटेत माणसांच्या वस्त्यांतून जातो, आणि त्याची रिकामी झालेली जागा लवकरच दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या घेतो.

मुंबईत २००४ च्या सुमारास हल्ले फार वाढले होते. २०११ मध्ये वन विभागाने संशोधक, नागरिक, पोलीस आणि पत्रकार यांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू केला. बिबट्या नुसता दिसणे हा धोका नसतो, त्याच्याभोवती जमणारी गर्दी हा धोका असतो, हे लोकांना सांगणे हा त्यातील महत्त्वाचा भाग होता. पुढची काही वर्षे हल्ल्यांचे प्रमाण बरेच खाली आले, आणि तेही बिबट्यांची संख्या कमी न होता. २०१८ च्या कॅमेरा-नोंदीत उद्यान आणि लगतच्या भागात ४७ बिबटे आढळले.

आपल्या सोसायटीपुरते पाहायचे तर एकदा रात्री अकरानंतर मागच्या भिंतीजवळ जाऊन कचऱ्याचे डबे पाहावेत. झाकण नसलेल्या डब्यांतील उरलेले अन्न कुत्र्यांना आणि डुकरांना बोलावते, आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. डबे पहाटे गाडी येण्याच्या वेळीच बाहेर काढणे, भिंतीलगतची झुडपे साफ ठेवणे, दिवे लावणे आणि मुलांना तिन्हीसांजेनंतर त्या बाजूला एकटे न सोडणे, एवढे केले तरी फरक पडतो. प्राणी इमारतीत अडकलाच तर गर्दी हटवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. स्थानिक समुदाय म्हणजे केवळ पाड्यावरचे आदिवासी नव्हेत. उद्यानाच्या भिंतीला लागून तीस मजली इमारतीत राहणारे आपणही त्यात आलात, आणि आपला कचरा उद्यानातील अन्नसाखळी बदलतो.

आम्ही भांडुपचे कोळी. ठाणे खाडी आधी फ्लेमिंगो अभयारण्य झाली, मग रामसर स्थळ झाली. आमच्या वाडवडिलांपासून आम्ही पाग टाकतो, निवट्या आणि खेकडे धरतो. उद्या आम्हालाच खाडीत बंदी होईल का? — एक मच्छीमार, भांडुप

आपली भीती अनाठायी नाही, म्हणून आधी कायद्याची बाजू नीट मांडतो. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीच्या पश्चिमेकडील, ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य झाला. २०२२ मध्ये सुमारे ६५ चौरस किलोमीटर क्षेत्राला रामसर दर्जा मिळाला; हा दर्जा पाणथळ जागांविषयीच्या रामसर या आंतरराष्ट्रीय करारातून येतो आणि पाणथळ जागेचा ‘सुज्ञ वापर’ त्याला मान्य आहे, त्यामुळे केवळ त्या दर्जाने मासेमारीवर बंदी येत नाही. बंधने येतात ती वन्यजीव कायद्यातून. त्याच कायद्यात, प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचे रक्षण करण्याची तरतूद आहे. त्या तरतुदीमागचा हेतू खाडीतल्या मच्छीमारांनाही तितकाच लागू झाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेने आत्ताच करण्यासारखे काम म्हणजे नोंदी तयार करणे. कोणत्या भरतीला कुठे पाग पडते, खाजणाच्या कोणत्या भागात निवट्या आणि चिंबोऱ्या मिळतात, कोणत्या महिन्यात कोणती मासळी आत येते, होड्या कुठे लागतात, हे सर्व नकाशावर उतरवून, होड्यांच्या नोंदणीच्या कागदांसह जपून ठेवावे. व्यवस्थापन आराखड्याच्या बैठकीत तोंडी सांगितलेली वहिवाट विरून जाते, नकाशावर असलेली वहिवाट सहसा खोडता येत नाही.

खाडीचे सर्वाधिक नुकसान मच्छीमारांनी केलेले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. शहराचे सांडपाणी, ठाणे–बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे सोडपाणी, भराव आणि साचणारा गाळ यांनी मासळी घटवली. फ्लेमिंगोंना मानवणारे शेवाळ सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर वाढते असे मानले जाते, म्हणजे पक्ष्यांचे थवे वाढले याचा अर्थ पाणी चांगले झाले असा होत नाही, आणि हे थवे पाहून हरखणाऱ्या माझ्यासारख्या मुंबईकराने ते ध्यानात ठेवायला हवे. तिवरांच्या बाबतीत २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तोड आणि भराव यांना मनाई केली, २०१२ मध्ये राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला आणि २०१७ पासून खेकडापालन, शोभिवंत मासे, कालवे यांसारख्या उपजीविकांची योजना किनाऱ्यावर आली. ऐरोलीहून पक्षीनिरीक्षणाच्या बोटी सुटतात. त्या बोटी चालवण्याचे आणि पक्षी दाखवण्याचे काम खाडीकाठच्या कोळ्यांना आधी मिळावे, ही मागणी संस्थेने लावून धरावी.

आणखी एका योजनेचा उल्लेख करतो, कारण ती मला मनापासून योग्य वाटते. समुद्रात जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशीसारखा संरक्षित जीव अडकला तर जाळे कापल्याशिवाय तो बहुधा जिवंत सुटत नाही, आणि जाळे कापणे म्हणजे मच्छीमाराच्या कित्येक दिवसांच्या कमाईवर पाणी. डिसेंबर २०१८ पासून राज्य शासन अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या अनेक मच्छीमारांनी जीव सोडल्याचे फोटो काढून दावे केले आणि भरपाई घेतली. समुद्री जीव वाचवण्याची इच्छा त्यांच्यात आधीही होती. तिची सगळी किंमत त्यांनी एकट्याने मोजावी ही अपेक्षा अन्यायाची होती.

आम्ही परळचे, पण गाव जावळी तालुक्यात, कासच्या जवळ. लहानपणी पठारावर आमची म्हसरे चरायची. जागतिक वारसा झाल्यावर कुंपण आले, चराई थांबली. गावातील म्हातारी माणसे म्हणतात की त्यानंतर फुले कमी झाली. हे खरे असू शकते का? — एक वाचक, परळ

हे खरे असू शकते, आणि आपल्या गावातल्या वडीलधाऱ्यांचे निरीक्षण गांभीर्याने घेण्यास भक्कम कारण आहे.

पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. त्यांपैकी महाराष्ट्रातील चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. या यादीतील कास हे सड्याचे, म्हणजे खडकाळ सपाट पठाराचे, ठिकाण आहे. जांभा खडकावर काही बोटे जाडीचा मातीचा थर, पावसाळ्यात त्यावर साचणारे उथळ पाणी, आणि त्यात येणारी गेंद, सीतेची आसवे यांसारखी वीतभरही न वाढणारी फुले. अशा जागी उंच गवत मोकाट वाढले तर या लहान वनस्पतींना ऊन मिळत नाही. गुरे गवत खातात, त्यांच्या खुरांनी माती थोडी हलते, शेणाने थोडे खत पडते. पिढ्यान्‌पिढ्या हे होत आलेले होते, म्हणजे आपण ज्याला अस्पर्श निसर्ग समजलो त्या फुलांच्या गालिच्यात म्हसरांचा वाटा होता. कुंपण घातले गेले ते पर्यटकांच्या पायदळी फुले जाऊ नयेत म्हणून, आणि तो धोका खराच होता. पण त्याच कुंपणाने गुरेही बाहेर राहिली. या विषयावर गावकरी आणि अभ्यासक दोघेही बोलू लागले, आणि पुढे कुंपण काढण्यात आले.

याच प्रश्नावर आपल्या देशात एक फार मोठा आणि फार दुःखद धडा उपलब्ध होता. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव हे पाणपक्ष्यांचे जगप्रसिद्ध ठिकाण १९८५ मध्ये जागतिक वारसा झाले. त्याआधी, १९८२ मध्ये, राष्ट्रीय उद्यान म्हणून तिथे म्हशींच्या चराईवर अचानक बंदी घालण्यात आली. भोवतालच्या गावांशी पुरेसे बोलणे झाले नव्हते, पर्यायी चारा दिला गेला नव्हता. लोक गुरे घेऊन आत शिरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि गावकऱ्यांचे जीव गेले. बंदी त्यावेळच्या नामवंत पक्षीतज्ज्ञांना योग्यच वाटत होती. तिथे अभ्यास करत होती ती आपल्या मुंबईचीच, १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. अनेक वर्षांच्या नोंदींनंतर तिच्या संशोधकांचा निष्कर्ष उलटा निघाला : म्हशी गेल्यावर पाण्यातील गवत बेसुमार माजले, मोकळे पाणी कमी झाले आणि अनेक पाणपक्ष्यांना अडचण झाली. ज्यांना बाहेर काढले होते त्यांची गुरे या पाणथळीचा भाग होती.

केवलादेवचीच पुढची हकीकत उमेद देणारी आहे. उद्यानात विलायती बाभळीने उच्छाद मांडला तेव्हा आसपासच्या गावांच्या समित्यांना ती मुळासकट काढण्याचे काम देण्यात आले आणि लाकूड त्यांनीच न्यावे असे ठरले. मोठे क्षेत्र मोकळे झाले. तिथले सायकल-रिक्षावाले प्रशिक्षण घेऊन वाटाडे झाले, आणि आज परदेशातून आलेल्या पक्षीनिरीक्षकालाही ते पक्षी ओळखून दाखवतात.

कासवर आता कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या हंगामात प्रवेश, शुल्क आणि वाहनतळ सांभाळतात, रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा ठेवतात, आणि गावातील तरुणांना त्यात काम मिळते. ही व्यवस्था चांगली आहे. तरीही मला तिच्यात एक उणीव दिसते. समित्यांकडे वसुलीचे आणि देखरेखीचे काम आहे. चराई किती, कुठे, कोणत्या महिन्यांत, यासारख्या मूळ निर्णयांत म्हसरे राखणाऱ्या माणसाचा शब्द अजून पुरेसा पोहोचत नाही. आपण गावी जाल तेव्हा त्या वडीलधाऱ्यांकडून कोणत्या भागात पूर्वी कोणती फुले असत आणि गुरे कधी वर नेत, एवढे लिहून आणावे आणि समितीकडे द्यावे. ती माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि ती माणसे थकत चालली आहेत.

मी घाटकोपरला राहणारी महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे. सर्व काही स्थानिकांच्या हाती दिले की संरक्षण आपोआप होते का? आणि माझ्यासारख्या, जंगलाच्या काठीही न राहणाऱ्या मुलीला यात काय करता येईल? — एक विद्यार्थिनी, घाटकोपर

आपोआप काहीच होत नाही. गावातही बलवान आणि दुर्बल असतात. समिती कागदावर असते, सह्या चार पुरुषांच्या होतात आणि सरपण-पाणी आणणाऱ्या बायकांना बैठक झाल्याचेही कळत नाही. ठेकेदाराशी संगनमत करणारे लोक गावात नसतात असेही नाही. पण जिथे हक्क कागदावर स्पष्ट आले आणि निर्णय उघड्यावर झाले, तिथले परिणाम वेगळे आहेत. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तिथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतात, त्यामुळे वेळ लागतो, पण ठरलेले पाळले जाते. रत्नागिरीतील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांबरोबर कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी काढून नेली जात, आज त्याच गावात घरोघरी पर्यटकांच्या राहण्याजेवणाची सोय होते.

आपण काय करावे, या प्रश्नाला एक नेमके उत्तर देतो. संरक्षित क्षेत्राभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, म्हणजे बांधकामासारख्या कामांवर निर्बंध असलेला पट्टा, ठरवताना केंद्र शासन आधी मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करते आणि हरकती-सूचनांसाठी ६० दिवस देते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे ५९.४६ चौरस किलोमीटरचे असे क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अंतिम झाले. या मुदतीत बांधकाम व्यावसायिकांचे सल्लागार सविस्तर निवेदने पाठवतात. पाड्यावर किंवा कोळीवाड्यात मात्र मसुदा आल्याची बातमी बहुधा मुदत संपल्यावर पोहोचते, आणि पोहोचली तरी राजपत्रातील मजकूर हिंदी आणि इंग्रजीत असतो. तो मराठीत समजावून सांगणे, सर्वे क्रमांक नकाशावर दाखवणे आणि लोक जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत हरकत म्हणून लिहून देणे, हे काम आपण आणि आपल्या वर्गातील दोघी-तिघी मिळून करू शकता. सूचना ईमेलनेही पाठवता येतात. राजपत्राची प्रत लोकांना उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून ते ६० दिवस मोजले जातात, म्हणून मसुद्यावरची तारीख आधी पाहावी.